मोहफुलांच्या दिवसांत बंद दिसलेली शाळा

मार्चमधल्या एका सकाळी साडेदहाला मी एका शाळेच्या कुलपाचा फोटो काढला. वर्षभराची माझी भटकंती तिथेच नासली.

आधीचं सांगतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडलं. लोकांना सांगताना 'समाजकार्यासाठी' म्हणतो. खरं कारण पल्लवी. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका खोलीतून ती आणि तिचे मित्र दूरच्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या पोचवतात. पेट्या उचलायला माणूस हवा होता. मी गेलो.

तुम्हालाही तिकडे जायचं असेल तर रायपूरहून पहाटेची बस धरा. धमतरी, कांकेर, मग केशकालचा घाट; पाच तास, ट्रकांमागे अडकलात तर सहा. कांकेरला गरम बडा, म्हणजे उडदाचा वडा, खा, घाटात खिडकी सोडू नका. केशकालला मुक्काम करा. पुढे शेअर जीप, आणि शेवटचे चार किलोमीटर पायी.

त्या दिवशी डोक्यावर पेटी घेऊन पोचलो, तर शाळेला कुलूप. पोरं नाहीत, गुरुजी नाहीत. ओसरीत एक म्हातारे बाबा होते. म्हणाले, "बइठ ना बाबू, आवत हें."

"कब? शाम को?" मी भडकलो. नेटवर्क मिळताच फोटो टाकला, खाली लिहिलं: गुरुजी गायब, पगार चालू. शिक्षण विभागालाही पाठवला. परतीच्या बसमध्ये फोटोवर पल्लवीचा लाल बदाम आला. रायपूर येईपर्यंत तो किती वेळा पाहिला, सांगायची लाज वाटते.

जुलैत पुन्हा गेलो. आता दुसरेच गुरुजी, तेही आठवड्यातून दोनदा येणारे. स्वयंपाक करणाऱ्या सुकली दीदीनं मला ओळखलं. "फोटोवाले भैया आप ही हो ना?"

मग तिनं सांगितलं. मोहफुलं पहाटे पडतात. त्या दिवसांत लेकरांसकट सगळं घर वेचायला जातं, शाळेत कोणी फिरकत नाही. म्हणून जुने गुरुजी सायकलला फळा बांधून झाडांखाली जायचे. दहापर्यंत वेचणं, मग तिथेच वर्ग.

"आधा घंटा बैठ जाते तो कोई बच्चा आपको ले जाता," ती भात ढवळत म्हणाली. "उनको तो हटा दिए."

वर्षभर मी त्या रस्त्यांवर फिरलो. कुठला चहा चांगला, ते पाठ. पण मार्चमध्ये सकाळी अख्खा पारा, म्हणजे वस्ती, रिकामा काहून असतो, हे एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

शिक्षण कार्यालयात माझी चूक लेखी दिली. तिथले बाबू वाचून म्हणाले, "गुस्सा तो फटाफट भेज दिए थे भैया. ये लिखने में चार महीने लग गए?" कागद वर पाठवतो म्हणाले. गुरुजी परततील का, माहीत नाही. फोटो काढून टाकला. त्या जागी ही पोस्ट.

रायपुरात परतलो, गुढियारीला घरी पिशवी टाकली आणि पल्लवीकडे गेलो. सगळं सांगितलं.

"मीबी न विचारता बदाम टाकला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पण तू तिथं थांबला काहून नाही रे?"

खोटं सुचलं होतं. खरं बोललो. "तुले लवकर दाखवायचं होतं."

"मले? त्या पोरायचे गुरुजी गेले, अन् तू मले दाखवून राहिला होता?"

कोपऱ्यात तीन पेट्या बांधून तयार होत्या. "या कोण नेणार?" मी विचारलं.

"तू नाही."

भांडायला तोंड उघडलं होतं, मिटलं. चप्पल घातली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.