बायकांसाठी खास व्यवस्था

आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी मला गाण्याचा राग आला नव्हता. ऐकणाऱ्याला तेच वाटतं. म्हातारी हेवी मेटलच्या कार्यक्रमाला गेली, कान फुटायची वेळ आली, चिडली असेल. छे! त्या गाण्याची मला चांगली सवय आहे. आमच्या घरात नातीच्या खोलीतून दिवसभर तेच ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "काय वो माय, हा माणूस एवढा काऊन बोंबलून राह्यला? मारलं का त्याले कोणी?"

"चिडला आहे तो, आजी."

"कोणावर?"

"सगळ्यांवर."

म्हटलं, मग बरोबर आहे त्याचं. पुढे पुढे तर वांगी चिरता चिरता माझीही मान हलायला लागली. त्यांचे ते ड्रम आमच्याकडच्या डफडेवाल्यांनी एकदा ऐकावेत असे असतात.

नातीला गायचं नाही आणि वाजवायचंही नाही. गाणं लोकांच्या कानापर्यंत नीट कसं पोचवायचं, ते तिला शिकायचं आहे. साउंडचं काम. पुण्याला त्याचा कोर्स आहे म्हणे. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या लेकाला, हे सांगितलं तर तो म्हणाला, "भोंगा लावाले पुण्याले कायले जा लागते? नाक्यावरचा मंडप-भोंगेवाला, तो बिछायतवाला शिकवंल तुले." लेक शाळेत मास्तर आहे. माणूस वाईट नाही, पण पोरीच्या बाबतीत भित्रा, आणि भित्री माणसं फार कडक बोलतात. कित्येक दिवस घरात नुसतं "पाहू, पाहू" चाललं होतं.

तेवढ्यात वर्ध्याला हा कार्यक्रम ठरला. नागपूरचा बँड येणार, त्यांचं मोठं मशीन येणार. ते जवळून पाहायला नातीचा जीव नुसता वरखाली होत होता. शेवटी बाप म्हणाला, "आजीले संग घेऊन जा. धड गेली अन् धड आली, तर मग पुण्याचं बोलू." पोरगी माझ्याकडे पाहून हसली, पण मला काही हसू आलं नाही. तिचं पुणं आता त्या एका संध्याकाळवर आणि माझ्या गुडघ्यांवर लटकलं होतं.

तिथे सगळे काळं घालतात, असं नातीने सांगितलं. म्हणून मी संक्रांतीची काळी साडी काढली. नाचणगावहून पुलगाव, पुलगावहून बस. बसमध्ये शेजारची बाई म्हणते, "माय, आता कोणती संक्रांत काढली तुम्ही?" नात खिडकीकडे तोंड करून इतकी हसली, इतकी हसली! तेवढं एक त्या दिवसातलं चांगलं आठवतं.

कार्यक्रम होता बायपासजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर. आयोजक म्हणजे निवडणुकीला उभं राहायच्या बेतात असलेला एक माणूस. सगळे त्याला भाऊ म्हणत होते, मीही भाऊच म्हणते. फ्लेक्सवर त्याचा फोटो गाणाऱ्या पोरांपेक्षा मोठा. आजवर त्याने लग्नं लावली असतील, सप्ते बसवले असतील. मग इथेही सगळं तसंच. दारात थर्माकोलचे हत्ती आणि फुलांची कमान. स्टेजपुढे पाहुण्यांचे सोफे, त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर सुकामेवा. हजारभर पोरं उभी राहून उड्या मारणार आहेत, हे त्या माणसाच्या डोक्यात आलंच नसावं. कमान एकच आणि तिच्यातून एकेक जण आत. मागे स्वयंपाकाची भांडी आणायचं मोठं गेट होतं, त्याला कुलूप. मी विचारलं तर एक कार्यकर्ता म्हणाला, "फुकटे घुसतात न, मावशी."

आणि मग ती व्यवस्था. स्टेजजवळच्या कोपऱ्यात बल्ल्या रोवून, वरून लग्नातली कनात लावून एक चौकोन केला होता. बाहेर पाटी: 'महिलांसाठी खास व्यवस्था'. दोन बाजूंनी कंपाउंडची भिंत. तिसऱ्या बाजूला साउंडवाल्याचं टेबल, कारण तिकडे बायका आहेत म्हणजे मशीनला धक्का लागणार नाही असा त्यांचा हिशोब. चौथ्या बाजूला कनात आणि तिच्यात एक माणूस जाईल एवढी फट. त्या फटीतून आम्हाला आत घेतलं. नातीला तर सोन्याची खाणच सापडली, मशीन हाताच्या अंतरावर. ती टेबलाला चिकटून उभी राहिली आणि त्या साउंडवाल्या पोराला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. मला एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली, भिंतीजवळ.

कॉलेजच्या पोरी येतच राहिल्या. चौकोन गच्च भरला, तरी येतच राहिल्या. मग त्या फटीवरच्या पोराने काय करावं? आडवा दोर बांधला. वर बल्लीला गाठ मारली, एक नाही, चांगल्या दोन-तीन. एक पोरगी म्हणाली, "दादा, बाथरूमला जायचं आहे."

"कार्यक्रम झाल्यावर, ताई."

"तोपर्यंत काय करू?"

"ताई, बाहेर पोट्टे पाह्यले का कसे आहेत ते? तुमच्याचसाठी आहे हे."

मी उठले. म्हटलं, "अरे, पोट्टे तसे असतील तर पोट्ट्यांले बांध न! आम्हाले काऊन बांधून राह्यला?" तो हसला. "आजी, तुम्ही बसा आरामात." आजी आरामात बसली की यांना वाटतं झालं काम.

बाहेर रस्त्यावर ही गर्दी. ऊन उतरत होतं तरी डांबर तापलेलं, तिकिटं हातात घेऊन पोरं ताटकळत होती. आणि आत सत्कार सुरू झाला. शाल, नारळ, हार. पाहुणे आले, पाहुण्यांसोबत आलेले आले, डेकोरेशनवाल्याचा सत्कार, लॉनच्या मालकाचा सत्कार. मग भाऊ माइकवर म्हणाला, "आपले गेटवरचे सर्व कार्यकर्ते, सकाळपासून राबून राह्यले, त्यांनी स्टेजवर यावं." आणि बाप्पा, ते आले की! सगळेच्या सगळे. फोटो काढायला रांगेत उभे राहिले. गेटवर चिटपाखरू नाही. दोर बांधणारा तिकडे, मागच्या कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात तोही तिकडेच, गळ्यात हार घालून.

अशा वेळी बँडवाल्यांनी गिटार छेडलं. त्यांची काय चूक, त्यांना तरी किती वेळ उभं ठेवणार? बाहेरच्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, आपण राहिलो. सगळे एकदम आत घुसले. कमान गेली, हत्ती गेले. पुढे सोफे होते, तिकडे वाट नाही. मग हा एवढा लोंढा वळला कुठे? आमच्या कनातीवर.

पहिल्यांदा कनात फुगली, वारा भरल्यासारखी. मग बल्ल्या वाकल्या. पुढच्या पोरी मागे सरकल्या, मागच्यांना सरकायला भिंत. माझी खुर्ची एका बाजूने दुमडली आणि मी भिंतीला लागले ती लागलेच. हात वर करता येईना. माझ्या शेजारी एक बारकी पोरगी, तिचं तोंड उघडं आणि आवाज काही येत नाही. ओरडत होती की श्वास घेत होती, देवाला माहीत. दोराजवळ पोरी गाठ सोडत होत्या, पण माणसांच्या ताणाने गाठ दगडासारखी झालेली. आणि स्टेजवरून तो गाणारा पोरगा जीव तोडून ओरडतो आहे, खालून पोरं ओरडत आहेत. आमचं ओरडणं त्या सगळ्यात जमा.

मला काहीच सुचेना. रेटा क्षणभर ढिला झाला तशी कशीबशी वाकून पायातली चप्पल काढली आणि फेकली स्टेजवर. म्हटलं, आता तरी थांबेल मेला. तर त्याने ती चप्पल उचलली, डोक्यावर धरली आणि आणखी जोराने बोंबलला! पब्लिक खूश. त्याला वाटलं, म्हातारी रंगात आली. दुसरीही फेकली. ती सुकामेव्यात पडली.

नात कुठे आहे ते दिसत नव्हतं. खोटं कशाला सांगू, तेव्हा माझ्या मनात पुणं नव्हतं, कोर्स नव्हता. तिची ओढणी दिसते का, एवढंच मी शोधत होते.

आणि एकदम सगळं बंद पडलं. गिटार, ड्रम, तो बोंबलणारा, सगळं. म्हणजे तो तोंड हलवत होता, पण आवाज नाही. आणि त्या शांततेत आमचा आवाज ऐकू आला. पोरींचा. मी असा आवाज कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायचा नाही.

नात टेबलावर होती. दाबली गेली तशी ती त्या टेबलावरच पालथी पडली, साउंडवाल्या पोराला ओरडून सांगितलं, तो घाबरून नुसता पाहतच राहिला, तेव्हा तिने स्वतःच हात घातला आणि बँडचा आवाज पार खाली ओढला. मग त्याच्या हातातला माइक घेऊन म्हणाली, "बायकांच्या बाजूले पोरी दबून राह्यल्या. मागं सरका. कोणी पुढं येऊ नका, मागं सरका."

तेव्हा स्टेजवरच्या पोराने पाहिलं. त्याचा चेहराच बदलला. आणि खालची ती काळ्या कपड्यांची, केस वाढवलेली पोरं, ज्यांच्यापासून आम्हाला वाचवायला दोर बांधला होता, त्यांनी एकमेकांच्या हातात हात अडकवले आणि पाठीने गर्दी मागे रेटली. कोणीतरी बल्ल्याच उपटल्या. त्या बारक्या पोरीला उचलून मोकळ्यावर नेलं, पाणी मारलं, तेव्हा ती रडली. रडली म्हणून मला बरं वाटलं. एका पोरीचा हात मोडला. कोणाचा जीव गेला नाही. पण यात भाऊचं काही कर्तृत्व नाही, एवढं लिहून ठेवते.

भाऊ आला तो धावतच. मला वाटलं, विचारेल, लागलं का. तो थेट नातीपुढे. "कोणी सांगतलं मशीनले हात लावाले? एवढे पाहुणे आणले, पूर्ण प्रोग्रामची वाट लावली तू!"

नातीचा कुडता खांद्यावर फाटलेला, हनुवटीवर खरचटलेलं. ती ओढणीने हनुवटी पुसत होती. मग मी बोलले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तुया सत्कारापायी पोरी मेल्या असत्या, भाऊ. तिथंच हार घातले असते का?" तो म्हणतो, "आजी, या वयात तुम्ही अशा ठिकाणी आल्याच काऊन?"

अनवाणीच घरी आले. बसमध्ये नात हळूच म्हणाली, "आजी, बाबाले सांगू नको." तिच्या हनुवटीकडे पाहिलं. हे कसं लपवणार? आणि काऊन लपवायचं? चोरी तिने केली होती का? मी घरात पाऊल टाकताच सगळं सांगितलं. लेक ऐकत राहिला, रंग उडाला त्याचा. मग जे बोलायचं तेच बोलला. "म्हणून म्हणत होतो मी. पोरीची जात, कायले जा लागते तिकडं? बस झालं. पुणं-बिणं बंद."

पोरगी न जेवता झोपायला गेली. मला त्या भाऊचा आला नव्हता तेवढा राग माझ्या लेकाचा आला.

सकाळी पेपरात आलं. लेकानेच मोठ्याने वाचलं. काही तरुणींनी गोंधळ घातल्यामुळे कार्यक्रम थांबवावा लागला, महिलांसाठी खास व्यवस्था करण्यात आली होती, पालकांनी मुलींना आवर घालावा, असं आयोजकांचं म्हणणं. वाचता वाचता तो थांबला. कालचं त्याचंच बोलणं होतं ते, फक्त भाऊच्या तोंडून. त्याने पेपर घडी केला, परत उघडला.

म्हटलं, "चाल. पाहून येऊ ती व्यवस्था."

गेलो गाडीवर. बिछायतवाल्याची माणसं सामान काढत होती. भिंतीजवळचा कोपरा तसाच होता, पायाखाली क्लिपा, तुटलेल्या बांगड्या, ओढण्या. लेक त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दोन्हीकडे भिंतीला हात लावून पाहिला. मग मागच्या गेटकडे गेला. कुलूप अजून तसंच लटकलेलं. त्याने ते धरून ओढलं, पुन्हा ओढलं. शाळेच्या गॅदरिंगला हाच माणूस मुलींच्या बाजूला दोर बांधतो. ते त्यालाच आठवलं असावं. तिथून तो थेट पोलिस ठाण्यात गेला आणि तक्रार देऊन आला. ठाण्यातल्या साहेबांनी "पाहू" म्हटलं. आता बघू ते काय पाहतात.

घरी आल्यावर त्याने पोरीला हाक मारली. ती दारात उभी राहिली, सुजलेल्या हनुवटीची.

तो म्हणाला, "पुण्याले जाय तू. पण असल्या कार्यक्रमाले जायचं नाई, सांगून ठेवतो."

"बाबा," ती म्हणाली, "मी असल्याच कार्यक्रमाचं शिकाले चालली न."

मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेलं परत सगळं पाण्यात. आणि मग, त्याच कडक आवाजात, "मग जिथं जाशीन तिथं पहिले मागचं गेट उघडं हाय का ते पाह्यजो. मशीन नंतर."

ती "हाव" म्हणाली. मी पोळी तव्यावर टाकली. माझा राग काही गेलेला नाही. त्या भाऊचा फ्लेक्स अजूनही बसस्टँडजवळ आहे, आणि मी तिथून जाताना थांबून त्याच्याकडे चांगली बघून घेते.