नाय म्हणून लिव

तेव्हा मी एका आरोग्य पाहणीसाठी पेण तालुक्यात प्रौढ माणसांकडून प्रश्नावली भरून घेत फिरत होते. उदासी, काळजी, ताण यांचे एकवीस प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दलचे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी वाचून दाखवायची. नियम एकच, पण कडक: माणूस सांगेल तेवढंच लिहायचं, आपल्याला दिसेल ते नाही.

हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात एक पन्नाशीची मावशी मूर्तींचे डोळे आखायची. तिचा नवरा धरमतरच्या जेटीवर कामाला होता. दोन वर्षांपूर्वी मालवाहू बार्जवरून खाडीत पडून वारला, हे शेजारणीने मला वाटेतच सांगितलं होतं.

मी विचारायला बसले तेव्हा कारखानदार पलीकडे रंग कालवत उभा होता.

"कशातच आनंद वाटत नाही, असं झालं?"

"नाय गो."

"उगाच भीती वाटली?"

"नाय."

"हात थरथरतात?"

तिने उजवा हात मांडीखाली सरकवला. आधी मी पाहिलं होतं. तिचा ब्रश पापणीपर्यंत जायचा, थबकायचा, मागे यायचा. तिने कारखानदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाय म्हणून लिव."

मी लिहिलं. गुणांची बेरीज शून्य आली. कारखानदाराला जरा बाहेर जायला सांगावं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण अजून सहा घरं बाकी होती आणि वडखळची गाडी चुकली असती.

गणपती झाल्यावर दुसऱ्या फेरीला गेले, तर तिची जागा रिकामी. "आखणी जमंना झाली," कारखानदार म्हणाला, "रोह्याला बहिणीकडं हाय."

रविवारी मी रोह्याला गेले. बहिणीने दार उघडलं. भिंतीवरच्या तसबिरी, कॅलेंडर, सगळं भिंतीकडे तोंड करून टांगलेलं. "डोळे असलेलं काय समोर ठेवू देत नाय," बहीण हळूच म्हणाली. मावशी कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती.

"तू ती फारमवाली ना?" तिने वर न बघताच विचारलं. आवाजावरून ओळखलं असावं. मग आपणच बोलू लागली. "ते गेले त्या दिवशी मी डबा द्यायला गेलेली. जेटीवरनं बघत होती. पडताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता कुठला बी डोळा काढला की तसाच बघतो."

"तेव्हा का नाही सांगितलंत, मावशी?"

"तू गेल्या आठवड्याचं इचारलंस. आन् तो उभा होता."

दुसऱ्या दिवशी मी आणि बहीण तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. औषधं चालू झाली, दर पंधरवड्याला जाऊन बोलणंही. पुढच्या हंगामात ती कारखान्यात परतली. आता ती पितांबर रंगवते. डोळे दुसरी बाई आखते.

तिची प्रश्नावली दुरुस्त करायला मी कार्यालयात गेले होते. माणसाने स्वतः दिलेलं उत्तर बदलता येत नाही, असं मला सांगितलं गेलं. मी तेवढंच ऐकून परत आले. आपण ते उत्तर कसं घेतलं, हे मी तिथे बोलले नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पेणच्या दुकानांतून रंगवलेल्या मूर्ती मांडल्या की मी रस्त्याची दुसरी बाजू धरते.