चमचाभर हवा

दुपारचे सव्वातीन. डॉक्टर स्वरूपा हुपरीकर ड्यूटी रूममधल्या खाटेवर जरा पाठ टेकते. झोपायला वेळ कुठे आहे? चार वाजता रुकैयाच्या बाळाच्या घशातली नळी काढायची आहे. साडेनऊशे ग्रॅमचं बाळ, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. परवा एकदा नळी काढली, तर तीन तासांत ते निळं पडलं आणि नळी पुन्हा घालावी लागली. आज दुसऱ्यांदा फसलं तर त्या छातीत किती बळ उरेल, कोण जाणे. उद्यावर ढकलावं, असं सकाळपासून तिच्या मनात घोळतंय. पंखा फिरतो, डोळे जड होतात.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

रूथ भालेराव सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या आहेत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, स्वरूपा स्वतः मातीला गेली होती. तरी ती मुकाट्याने सरकते. सिस्टरपुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

खाट आता खाट नाही, तेरा वर्षांपूर्वीच्या वॉर्डातलं टेबल आहे. नाताळच्या कागदी चांदण्या लटकतायत. टेबलावर न रडणारं, नुकतं जन्मलेलं बाळ, आणि शिकाऊ स्वरूपा श्वास द्यायची रबरी पिशवी अख्ख्या मुठीनं दाबतेय.

"कणीक मळतीस व्हय गं?" सिस्टर तिची बोटं एकेक करून सोडवतात. "दोन बोटं बास. चमचाभर हवा मावती त्याच्या छातीत, पोरी."

दोन बोटं. छाती हलकेच उचलली जाते. बाळ बारीक रडतं.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्ही नसता तर माझ्या हातून त्याचं फुप्फुस फाटलं असतं. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले."

"मग मान की आता. कोण नको म्हणतंय?"

"मानते," स्वरूपा म्हणते. "रोज मानते. हात बाळाला लागला की तुम्हीच आठवता."

"बरं बरं. हे धर."

चांदण्यांतून उतरवलेला फुगा. दोघी गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसल्यात. स्वरूपा फुंकते. पहिली फुंकर गाल दुखवते, पुढच्या सोप्या जातात.

"सगळी हवा सोड. आता परत फुंक."

पुन्हा गाल दुखतात.

"पार रिकामा केलास तर दर वेळी पहिल्यापासनं झटापट. थोडी हवा आत राहू दे."

स्वरूपा फुग्याचं तोंड चिमटीत धरते. परवा घशातली नळी काढल्यावर बाळाच्या नाकाला बारीक नळ्या लावल्या होत्या. त्यांचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात सहा सेंटीमीटर बुडवलेलं. सोडलेला श्वास तेवढं पाणी ढकलत बाहेर पडतो, म्हणून फुप्फुसं पार मिटत नाहीत. बाळ गुलाबी दिसलं, ती हरखली आणि तासाभरात तिनं टोक चारवर उचललं. केसपेपरवर मात्र लिहिलं, बाळ थकलं.

"मी घाई केली, सिस्टर."

"केलीस. आता भिऊन बसू नगंस. लेकरू तयार हाय. हात दाखव."

कागद हाताशी नसला की सगळ्या सिस्टर लिहितात तसं त्या तिच्या तळहातावर लिहितात. गुदगुल्या होतात, आणि ती जागी होते.

चाराला दहा कमी. उशीपाशी उघडं बॉलपेन, तळहातावर निळ्या शाईत ६. आपल्याच हातानं लिहिलं असणार, एवढं तिला कळतं. पण ती आकडे नेहमी इंग्रजीत लिहिते. हा सहा मराठी आहे.

रुकैया दारातच उभी आहे. "आज काढायची ना, मॅडम?"

"काढायची. परवा घाई माझ्याकडून झाली. बाळाचं काही चुकलं नव्हतं. या वेळी सावकाश घेऊ. तुम्हीपण या आत."

रुकैया मान हलवते आणि डोळे पुसते. दोघी शेजारशेजारच्या नळांवर हात धुवायला लागतात.

"हातावर काय तरी लिवलंय, मॅडम."

"माझ्या सिस्टरनी लिहिलंय," स्वरूपा म्हणते. एकदा डोळे भरून बघते आणि साबण लावते. शाईचा हात बाळाला लावलेला सिस्टरना चालला नसता. ती कोपरापर्यंत घासते, पुरती दोन मिनिटं. आकडा निघून जातो, निळसर डाग तेवढा उरतो. तोच हात घेऊन ती बाळाकडे जाते.