त्या बाई आता कशा आहेत?

तंजावूरला उतरले तेव्हा प्रोजेक्टरची पिशवी मांडीवर धरून पाय बधिर झाले होते. फलाटावर सरस्वतीबाई उभ्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी. मराठी बोलतात, देवनागरी वाचत नाहीत. कीटकनाशकांच्या फवारणीवरच्या माझ्या माहितीपटाचं तमिळ त्या करणार होत्या.

ओरत्तनाडूच्या बसमध्ये त्यांनी पुळियोदरै (चिंचेचा भात) पुढे केला. "पहिलें खावा. फिल्म कुठें जात नाहीं."

दोन घासांवर मी डबा मिटला. बाहेर कालवे, भातशेती, मोपेडला फवारणीचा पंप बांधून निघालेली माणसं. मी मात्र चर्चेचे मुद्दे पुन्हा पुन्हा चाळत होते.

गावच्या सभागृहात भाताची लावणी करणाऱ्या बाया जमल्या होत्या. मध्येच वीज गेली, अर्धा तास वारा घेत बसलो. मग पडद्यावर यवतमाळकडच्या कमलबाई म्हणाल्या, "औषध डोळ्यांत उडालं." सरस्वतीबाईंनी सांगितलं, 'मरुंदु' (औषध). विषाला दोन्हीकडे औषधच म्हणतात.

शेवटी मी हातमोजे, चष्मे यांवर बोलू लागले. तेवढ्यात मागून सेल्वी नावाची बाई उठली, काहीतरी विचारू लागली.

"त्या बाई आतां कशा आहेत, म्हणून विचारते," सरस्वतीबाई म्हणाल्या.

चित्रीकरणाला तीन वर्षं झाली होती. मी परत गेलेच नव्हते.

"सांगा, बऱ्या आहेत."

"ठाऊक आहे तुम्हांला?"

"नाही."

"मग तसें मी कसें सांगूं?" आणि त्यांनी तमिळमध्ये खरं ते सांगून टाकलं. बायांत कुजबुज झाली. सेल्वी पुन्हा बोलली. "फोन आहे नं, करा म्हणते."

माझ्या फोनमध्ये नंबर 'फवारणी कमल' या नावानं होता. मी स्पीकर लावला.

"अगं बाई, तू! एका डोळ्यानं दिसत नाही आता. दुसऱ्यावर भागवते. मजुरीला जाते, फवारणीला नाही जात."

सेल्वी फोनजवळ आली. तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत दोन दिवसांपूर्वी फवारा गेला होता. लाली उतरत नव्हती. दवाखान्यात न्यावं का?

हे मराठीत ऐकताच कमलबाई जवळजवळ ओरडल्या, "आत्ताच ने! मी आठ दिवस थांबली होती."

सरस्वतीबाईंचं वाक्य पुरं होण्याआधीच सेल्वी दाराबाहेर होती. तिच्यामागे बाकीच्याही उठल्या. रिकाम्या सभागृहात फोन अजून चालू होता.

"बाई, तो आपला पिक्चर झाला का गं?" कमलबाईंनी विचारलं.

चेन्नईला मी पुण्याचं तिकीट सोडलं आणि नागपूरकडची गाडी धरली. वाटेत सरस्वतीबाईंचा फोन आला: सेल्वीच्या नवऱ्याला तंजावूरच्या दवाखान्यात ठेवलंय, डोळे वाचतील म्हणतात. मला हायसं वाटलं, तरी एका जागी बसवेना. सगळा डबा फिरून झाला.

कमलबाईंनी ओसरीवर लॅपटॉप जवळ ओढून, मान तिरकी करून माहितीपट पाहिला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्या खाटेवर पडल्यात, इथे तो संपतो. पडदा काळा झाला. त्या बघतच राहिल्या.

"पुढचं लाव नं," त्या म्हणाल्या.

पुढचं माझ्याकडे नव्हतं.