दिनार उतरला का?

"गुरुजी, दिनार उतरला का?"

सकाळी समोरच्या ओट्यावरून सुखदेवदादा हे विचारायचे आणि सारी गल्ली ऐकायची. सुरतेतल्या उधन्याच्या पॉवरलूममध्ये उभा जन्म गेल्याने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. मी शाळेत निघता निघता मोबाइलवर कुवेतच्या दिनाराचा भाव बघायचो आणि तितक्याच मोठ्याने सांगायचो. चढला म्हटलं की दादांचा चेहरा पडायचा. उतरला म्हटलं की पुन्हा विचारायचे, "खरंच? किती?"

नवागामच्या आमच्या गल्लीला हे कोडंच होतं. दादांची एकुलती एक मुलगी सुजाता कुवेतमध्ये नर्स. दिनार चढला तर फायदा तिचाच. पानवाला रमेशभाई चिडवायचा, "दादा, दिनार चढ्यो, पेंडा खवडावो!" दादा तडक आत निघून जायचे.

मला त्यांनी एकदा सांगितलं. सुजाता गेली ती दोन वर्षांसाठी म्हणून. दोन वर्षं झाली आणि ती फोनवर म्हणाली, "बाबा, सध्या भाव चांगला आहे. अजून एक वर्ष काढते." पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. "आता तुमीच सांगा गुरुजी," दादा म्हणाले, "दिनार पडल्याबिगर माही पोरगी घरी कशी येईन?"

अकोल्याकडून सुरतेत आलेल्या या माणसाच्या आयुष्याचे टप्पे मग दिनाराच्या भावावरच मोजले जाऊ लागले. "पोरगी गेली तवा दीडशाच्या आसपास होता. वरचा मजला बांधला तवा दोनशाले टेकला. तिची माय गेली तवा दोनशाच्या लय पुढं." बोलताना उजव्या हाताची बोटं जिना चढल्यासारखी वर वर जायची. मध्ये एकदा भाव बराच घसरला होता. तेव्हा दादांनी वरच्या खोलीला फिकट गुलाबी रंग लावून घेतला, खिडकीला पडदे लावले आणि जिन्याला कठडा बसवला. "तिले तिथं लिफ्टची सवय असन," म्हणाले. काही महिन्यांत दिनार पुन्हा चढला. पडद्यांवर मात्र दादांनी धूळ बसू दिली नाही. दर रविवारी ते काढून झटकायचे.

सुजाता सुट्टीवर यायची, आठ-पंधरा दिवस राहायची. अशाच एका सुट्टीत ती माझ्या बायकोला भेटायला आली. निघताना दारात थांबून मला म्हणाली, "काका, भाव पडला तरी मी येणार नाही. तिथं मला माझी खोली आहे, वॉर्डात माझ्या शब्दाला मान आहे. इथं पाय ठेवला की सगळे एकच विचारतात, लग्न का नाही केलं. पण हे बाबांना कसं सांगू?"

ती गेल्यानंतर थोड्याच दिवसांत दिनार खाली आला. मी उत्साहाने ओट्यापाशी जाऊन सांगितलं. दादा नुसते हसले.

"उतरू द्या. ते भावासाठी थांबली नाही, मले मालूम आहे."

"मग रोज कशाला विचारता, दादा?"

त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "तिनं मले एक कारण देलं आहे गुरुजी. ते कायले मोडू? कारण हाय तोवर तिले सांगाले लाज नाही वाटत, अन मलेबी 'कवा येतं' म्हून इचारता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रश्न आला, तेवढ्याच मोठ्याने.

पुढे दादांच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. लूमवरचे धाग्याचे तंतू आयुष्यभर आत गेलेले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा सुजाता रजा काढून आली. तिने त्यांना पाठीमागून उशा लावून बसवलं, पाठीवर थापट्या दिल्या, नखं कापली, केस विंचरले. दादा आधी संकोचायचे, मग भेटायला येणाऱ्याला धापा टाकत सांगायचे, "पाहा, माही पोरगी कशी नाडी पाहते." त्या दिवसांत त्यांनी मला भाव विचारला नाही.

रजा संपत आली तशी ती अडखळली. तिकीट पुढे ढकलते म्हणाली. दादांनीच नको म्हटलं. "जाय तू. तिथंबी कोणाचा तरी बाप निजला असन." ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली. शेवटी दादांनीच तिच्या खांद्याला हात लावून उठवलं.

त्यानंतर लवकरच, भर दुपारी, दादा गेले. सुजाताला फोन केला. कुवेतहून लगेच निघणं शक्य नव्हतं, आणि इथे उन्हाचा कहर. "थांबू नका," तीच म्हणाली. "फक्त मला दाखवा."

मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या चेहऱ्याजवळ धरला. वॉर्डातल्या पांढऱ्या कपड्यांत ती उभी होती, मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती रडली नाही. "काका, डोळे कोणी मिटले?"

"मी."

"नीट मिटलेत? हनुवटीखाली पट्टी बांधा. आणि मान जरा सरळ करा, त्यांना त्रास..." इथे ती थांबली.

मी मान सरळ केली. बाहेर माणसं तयार होती. तिला म्हटलं, "सुजाता, आता उचलायचं आहे." तिने मान हलवली, पण फोन ठेवला नाही. मलाही तो बंद करवेना. तसाच सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खांदा दिला. लोकांनी 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणायला सुरुवात केली. खिशातून तीही म्हणत होती, आमच्यापेक्षा अर्धा शब्द मागे.