चौकोनात मावेल एवढं

"चौकोनात मावंल असं सांगा."

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत कुणी एखादी इच्छा बोलून दाखवली, की शेजारचे काका खिशातलं पेन काढून हेच म्हणायचे. चौकोन म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा. ज्यात आपण सगळे दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहितो ना, तोच. काकांच्या कॅलेंडरात खाड्यांच्या शेजारी लोकांच्या इच्छा असायच्या.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून एकटेच राहायचे. चहा स्वतः करायचे आणि साखर हमखास विसरायचे. आम्ही तो मुकाट्याने प्यायचो.

फुकटचा सल्ला देणारे प्रत्येक गल्लीत असतात, तुम्हीही पाहिले असतील. काका तसले नव्हते. इस्त्रीवाला एकदा म्हणाला, "पोरीला पोलीस करायचंय." काकांनी मान हलवली. "लय मोठं हाय. नाय मावायचं." मग बराच विचार करून शनिवारच्या चौकोनात लिहिलं, 'पोरगी – मैदानावर एक फेरी.' पुढच्या शनिवारी दोन. महिनाअखेरीला दूधवाल्याने ते सगळे शनिवार खाडे समजून वगळले, तेव्हा काका त्याच्यावर उखडले. "अरे, दूध मी घेतलंय! पळाली ती हाय!"

मी पडले स्वप्नाळू. स्कूटर दोन वर्षं कव्हराखाली झोपलेली, आणि मी ओट्याशी उभी राहून मनातल्या मनात ती त्र्यंबकच्या रस्त्याने नेत असे. दोन्हीकडे धुकं, डोंगर अर्धे पुसलेले, रस्त्यावर मी एकटी. तेवढ्यात भाजी करपायची. खरं तर त्र्यंबकला जायचं तर आधी द्वारकेचा चौक ओलांडायला हवा, आणि त्या चौकातल्या ट्रकांच्या गर्दीत शिरायची माझी हिंमत नव्हती.

एकदा हे काकांना बोलून दाखवलं, तर त्यांनी सोमवारच्या चौकोनात लिहिलं, 'ताई – कव्हर काढणे.'

"एवढंच?"

"एवढंच. जास्त केलं तर खोडून टाकीन."

मला हसू आलं, थोडा रागही आला. पण कव्हर काढलं. बुधवारी स्टँडवरच्या गाडीवर दहा मिनिटं बसले. मग दूधकेंद्रापर्यंत, मग पुलापर्यंत. एका रविवारी सकाळी द्वारका ओलांडली आणि पलीकडे गाडी कडेला घेऊन चक्क रडले. परत आले तर काका फाटकात उभे.

"काका, सगळ्यांच्या इच्छा लिहिता. तुमचा चौकोन कुठाय?"

ते चष्मा पुसत राहिले. "आमची ही म्हणायची, आपली गंगा, ही गोदावरी, कुठून निघती ते एकदा बघू. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर जाऊ. मला कायम शिफ्ट. मी म्हणायचो, बघू. बघू बघू म्हणता गेली ती." चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "अन् आता गुडघे नाय म्हणत्यात."

मी त्यांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्याच हातात दिलं. "वार सांगा, काका."

गुरुवार ठरला. 'ब्रह्मगिरी – पहिल्या पायरीवर बसणे.'

काका मागे बसले, दोन्ही हातांनी कॅरिअर गच्च धरून. मी इतकी वर्षं पाहिलं होतं तसंच धुकं होतं. फक्त माझ्या स्वप्नात मागे कुणी "ताई, हळू, ताई, हळू" करत नव्हतं. पहिल्या पायरीवर ते दहा मिनिटं बसले. मी म्हटलं, अजून चार चढू या. "आज एवढंच लिहिलंय," म्हणाले आणि उठले.

पुढच्या गुरुवारी दहा पायऱ्या. मग चाळीस. एकदा अर्ध्या वाटेवरच्या वळणावर दम खात बसलो होतो. खालचं गाव धुक्यात बुडालेलं. काका कान देऊन म्हणाले, "वरून पाणी वाजतंय का हो?" मला काही ऐकू येत नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मलाही ते ऐकू आल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी काका झोपेतच गेले. मला त्यांचा रागच आला. एवढे वार पाळणारा माणूस, आणि हे न सांगता.

पुण्याहून आलेला मुलगा घर आवरताना कॅलेंडर गुंडाळत होता. मी ते मागून घेतलं. पुढच्या गुरुवारच्या चौकोनात त्यांच्या बारीक अक्षरात होतं, 'वर पोचणे. हिला सांगणे.'

त्या गुरुवारी मी एकटीच निघाले. वळण आलं, तिथे दहा मिनिटं बसले. मग चढत राहिले. वर धुकं इतकं होतं, की पुढचं माणूस दिसेना. गोदावरीच्या उगमाच्या कुंडाशी पोचले तेव्हा पाणी खरंच वाजत होतं, अगदी बारीक. आजूबाजूला कोण आहे, कोण हसेल, याचा मी विचार केला नाही.

"काकू," मी मोठ्याने म्हटलं, "आले हो काका."