इथे लेकरू नाही

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, चहा सांडेल. माझ्याच हातानं झालेला घोटाळा सांगते.

तेव्हा माझी परी दीड वर्षाची. तिला सासूबाईंजवळ ठेवून मी सिंदी मेघेहून वर्ध्याला लॅपटॉप दुरुस्तीच्या क्लासला जायची. सातवी शिकलेली बाई, हाती स्क्रू ड्रायव्हर! बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून घरचा जुना मसाल्याचा डबाच नेला होता. जिऱ्याच्या वाटीत कीबोर्डचे, मोहरीच्या वाटीत झाकणाचे. काय दिवस होते! अजूनही तो डबा उघडला की हळदीचा वास येतो.

एक दिवस सरांनी पहिल्यांदाच गिऱ्हाईकाचं काम एकटीला दिलं. नालवाडीच्या एका शाळेतल्या बाईंचा लॅपटॉप. फक्त कीबोर्ड बदलायचा होता.

"हे जमलं तं उद्यापासून कामावरच घेतो तुमाले, ताई," सर म्हणाले.

बाई भिंतीजवळच्या बाकावर बसून राहिल्या. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, चार्जर काढला की मशीन बंद. मी कीबोर्ड बदलला, चार्जरवर चालू केला. चालला! आनंदात दाराशी जाऊन घरी फोन लावला.

"आई, परी जेवली का?"

"जेवली ना वो! काऊन घडीघडी फोन करून राह्यली?"

परत येते तर काय, स्क्रीन काळी!

पुन्हा उघडला, खोडरबरानं रॅम पुसली, लावली. ढिम्म! सरांनी तो आपल्या टेबलावर नेला. तिथं चालू! मग माझ्या टेबलावर आणून त्यांनीच पिन लावली, बटणं दाबली. इथंही चालू!

"ताई, तुमच्या हातालेच भेते का हे?"

जीव भांड्यात पडला. मी लगेच पुन्हा दाराशी.

"आई, झोपली का परी?"

"तुया फोन झोपू देईन तवा ना!"

परत आले. काळी!

आता मात्र रडूच फुटलं. "बाई, मदरबोर्ड गेला वाटते. माझ्याच हातानं गेला."

बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यातलं मले काई समजत नाई. पण तुमी दाराकडे जाता तवा दरवेळी भिंतीवरचं ते बटन काऊन बंद करता?"

कोणतं बटण? ते खालचं, गुडघ्याएवढ्या उंचीवरचं! परी रांगायला लागली तेव्हापासून असं खालचं बटण दिसलं की बंद करत जायची माझी सवय. लेकराचं बोट प्लगच्या भोकात गेलं तर? हात आपलं काम करत होता, डोक्याला पत्ताच नव्हता.

सर पोट धरून हसले. कामावर घेतलंच, वरून त्या बटणाच्या बोर्डाखाली चिठ्ठी चिकटवली: 'बंद करू नये. इथे लेकरू नाही.'

पुढं क्लास बंद झाला तेव्हा सरांनी ती चिठ्ठी मलाच दिली. आता माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, तिथल्या बोर्डाखाली लावलीय. परवा परीनं ती एकेक अक्षर लावत वाचली.

"आई, मंग मी कोण वो?"

डोळे भरून आले माझे. उठले, पोरीला जवळ घेतलं.

तेवढ्यात मागून गिऱ्हाईक ओरडलं, "ओ ताई, माहा लॅपटॉप बंद पडला ना!"